तुला कुणी बोलावलं

बारामतीतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत मी माती तपासते. याला बारा वर्षं झाली. शेतकरी पिशवीत माती घेऊन आला की मी आधी विचारते, "रानात किती ठिकाणची घेतली?" "आठ-धा ठिकाणची घेतली की," असं जवळजवळ सगळेच सांगतात. पिशवी उलटी केली की कळतं, माती एकाच खड्ड्यातली आहे, बहुतेक विहिरीजवळची, कारण तिथं सावली असते. समोरच्याचं पहिलं उत्तर खरं धरायचं नाही, ही सवय मला या नोकरीनं लावली. घरी आल्यावरही ती जात नाही. नवरा म्हणतो, चहात साखर घातलीय असं सांगितलं तरी तू डबा उघडून बघशील.

त्यामुळं आमच्या जुन्या बँडच्या ड्रमरचा फोन आला तेव्हा मी लगेच खूश वगैरे झाले नाही.

"तो परत आलाय," ड्रमर म्हणाला.

"कोण?"

"आपला गायक. पुणं सोडलं त्यानं. गावाकडंच राहतोय आता. एक गाणं करायचं म्हणतोय. आपण चौघांनी, पहिल्यासारखं."

मी हातातली चाळणी खाली ठेवली. "मग मला का फोन करत नाही?"

"कुठल्या तोंडानं करेल? मला म्हणाला, तिला तूच विचार."

मला हे पटलं नाही. माझ्या आठवणीतला गायक कुणाला लाजणाऱ्यातला नव्हता.

कॉलेजात असताना आमचा रॉक बँड होता. मी वालचंदनगरच्या कंपनी क्वार्टरमध्ये वाढले. शेजारचे एक इंजिनिअर काका बदली होऊन गेले तेव्हा सामान कमी करायचं म्हणून त्यांनी त्यांची बास गिटार मला देऊन टाकली, तिथून हे सगळं सुरू झालं. ड्रमर बारामतीचा. गिटारवाला भिगवणचा, त्याच्या वडिलांची हायवेवर माशांची खानावळ. आणि गायक निमगाव केतकीच्या बाजूचा, घरी भाजीपाल्याची शेती. गाणी मी लिहायची, चाल त्याची आणि आवाजही त्याचाच. बँडचं नाव सांगत नाही. त्यात ऊस होता आणि पुण्यातली पोरं ते ऐकून हसायची.

हसणाऱ्यांमधूनच आम्ही एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेलो होतो. तेरा वर्षं झाली त्याला. त्या दिवशी ड्रमरनं मामाची जीप आणली. मी बारामतीत बसले. भिगवणला हायवेवर गिटारवाला आणि गायक असे दोघं चढणार होते. गिटारवाला चढला, गायक आला नाही. त्याचा फोन बंद. अर्धा तास आम्ही जीपमध्ये बसून राहिलो, मग निघालो. पुण्यात गिटारवाल्यानं गायचा प्रयत्न केला. पहिलं गाणं कसंबसं झालं, दुसऱ्याच्या मध्यावर त्याचा आवाज फाटला आणि समोरून कुणीतरी उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाची घंटी वाजवल्यासारखा आवाज काढला. आम्ही वाजवणं थांबवून खाली उतरलो. परत येताना कुणी फारसं बोललं नाही.

पुढं ऐकलं की तो पुण्यात ऑर्केस्ट्रात गातो. नंतर ऐकलं, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची गाणी गातो. आमच्यात एक गोष्ट पक्की होऊन बसली, की त्या दिवशी त्याला ऑर्केस्ट्राचं बोलावणं आलं आणि त्यानं आम्हाला टांग दिली. ही गोष्ट आमच्यात पहिल्यांदा कुणी सांगितली, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

बास गिटार माळ्यावर होती. मी ती उतरवली, ती गाण्यासाठी नव्हे. मला त्याला एकदा समोर बसवून विचारायचं होतं.

सराव भिगवणला ठरला, दर गुरुवारी दुपारी. खानावळ आता गिटारवालाच चालवतो. श्रावण चालू होता. "महिनाभर गिऱ्हाईक न्हाय," तो म्हणाला. "माळा मोकळाच हाय. वाजवा किती वाजवायचं ते." वरच्या खोलीत एकावर एक रचलेल्या खुर्च्या, बंद पडलेला फ्रीज आणि श्रावणातही न गेलेला माशांचा वास होता. खिडकीतून उजनीचं पाणी दिसायचं.

गायक शेवटी आला. अंग सुटलं होतं, पुढचे केस गेले होते. "कशी हायस?" एवढं म्हणून तो माझ्यापासून लांबची खुर्ची ओढून बसला. आवाज तोच होता, पण वागणं दुसऱ्याच कुणाचं तरी. मी काहीही सुचवलं की म्हणायचा, "तू म्हणशील तसं." पूर्वी हा माणूस माझ्या एका शब्दावरून दोन दोन तास भांडायचा. इतका नम्र माणूस काहीतरी मागायला आलेला असतो, असं मी मनाशी म्हटलं.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "शब्द झालं का?"

"कसले शब्द?"

"गाण्याचं." त्यानं ड्रमरकडं बघितलं. ड्रमर खाली वाकून पेडलचा स्क्रू आवळत होता.

मला राग आला. तेरा वर्षांनी यायचं आणि पहिल्याच दिवशी, गाणं तयार आहे का म्हणून विचारायचं. विचारायचं होतं ते त्या दिवशी विचारलंच नाही. घरी जाऊन दोन दिवसांत गाणं लिहिलं. त्याला ते कळावं म्हणूनच लिहिलं:

दार उघडं होतं, पण तुला कुणी बोलावलं
ताट मांडलं होतं, पण तुला कुणी बोलावलं
वाट चुकलो म्हण, नाहीतर खरं सांग
तुला कुणी बोलावलं

पुढच्या गुरुवारी मी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि खिडकीकडं तोंड करून गुणगुणायला लागला. वीस मिनिटांत चाल तयार होती. मला मान्य करावं लागलं, चाल फार चांगली होती. सुरुवातीला बोलल्यासारखी, शांत, आणि त्या ओळीवर एकदम वर चढणारी. ती ओळ आली की तो माझ्याकडं बघायचा. मला वाटायचं, याला लाज कशी वाटत नाही. माझंच वाक्य माझ्याच तोंडावर फेकतोय.

दोन-तीनदा वाजवल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. ड्रमर त्या ओळीवर पळायचा. बाकी गाण्यात त्याचा ठेका पक्का, पण "तुला कुणी बोलावलं" आलं की हात भरभर चालायचे, जणू ती ओळ लवकर संपवायची होती. मी म्हटलं, "पळतोयस." तो म्हणाला, "तेरा वर्षं वाजवलं नाही गं. बसेल." मी विषय सोडून दिला. माझा सगळा संशय तेव्हा गायकावर होता.

तिसऱ्या गुरुवारी मी वर जात असताना खाली एक माणूस चहा पीत बसलेला दिसला. तो इंदापूरचा. फ्लेक्स छापतो आणि निवडणुकीच्या दिवसांत प्रचाराच्या रिक्षांसाठी गाणी बनवून देतो. निवडणुका तोंडावरच होत्या. सराव संपवून मी उतरले तरी तो तिथंच होता, फोनवर बोलत होता. "चाल जोरदार हाय," तो कुणाला तरी सांगत होता. "शब्द बदललं की झालं काम."

मी तशीच मागच्या बाजूला गेले. गायक बर्फाच्या पेट्यांपाशी उभा राहून बिडी ओढत होता.

"तो फ्लेक्सवाला तुझ्याबरोबर आलाय?"

"व्हय."

"आमचं गाणं त्याला देणार आहेस?"

"त्यानं मागितलंय. मी म्हणलं, बाकीच्यांना इचारतो."

"कधी विचारणार होतास?"

त्यानं बिडीची राख झटकली. मी गप्प बसले नाही. म्हटलं, "तू तेव्हाही असाच होतास. आम्हाला हायवेवर बसवून ठेवलंस आणि निघून गेलास. आता तुला विकायला गाणं हवं होतं, म्हणून आम्हाला गोळा केलंस."

त्यानं बिडी विझवली. "मी गोळा केलं?"

"मग कुणी?"

"तू की." त्याच्या चेहऱ्यावर खरंच गोंधळ होता. "तुला गाणं करायचंय, तू शब्द लिहून ठिवल्यात, पर तू सोताहून फोन करणार न्हायस, असा निरोप आला मला. म्हणून तर आलो. न्हायतर मी कशाला येतोय हितं?"

वरच्या खोलीतून ड्रमरच्या वाजवण्याचा आवाज येत होता. एकटाच बसून वाजवत होता. आम्ही दोघांनी वर बघितलं.

"निरोप त्यानं दिला?" मी विचारलं.

"त्यानंच."

त्याच दिवशी वर जाऊन मला विचारता आलं असतं. पण गायक म्हणाला, "आत्ता नको. आधी बघू काय म्हणतोय त्यो." आणि मलाही वाटलं, घाईनं विचारलं तर तो काहीतरी सांगून सुटेल. त्या संध्याकाळी बसमध्ये बसल्या बसल्या मला आठवायला लागलं. ऑर्केस्ट्राची गोष्ट आम्हाला पहिल्यांदा ड्रमरनंच सांगितली होती. पुण्याहून परत येताना, टोल नाक्याच्या अलीकडं.

पुढचे दोन आठवडे मी त्याच्यावर नजर ठेवून होते. तो एका कारखान्यात शिफ्टचा सुपरवायझर आहे, साधा संसारी माणूस. सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा. सगळ्यांसाठी शेंगदाण्याचे लाडू आणायचा. गायकाला ड्रमचा आवाज जास्त होतोय का हे दर पंधरा मिनिटांनी विचारायचा. हे सगळं मी आधीही बघितलं होतं आणि स्वभाव चांगला म्हणून सोडून दिलं होतं. आता त्यातली एकेक गोष्ट मला खुपायला लागली. खरं सांगायचं तर लाडूही गोड लागेनात.

रेकॉर्डिंग बारामतीत होतं. मोबाइलच्या दुकानावरच्या मजल्यावर एकानं छोटा स्टुडिओ काढलाय. तिथं हळदीची गाणी होतात, देवीची होतात, पुढाऱ्यांची होतात. आमचं गाणं ऐकून मालक म्हणाला, "असलं काय आमच्याकडं येत नाही." सकाळी नऊला आम्ही सुरुवात केली. आधी ड्रम घ्यायचे होते. ड्रमर काचेच्या पलीकडं बसला, कानावर हेडफोन, त्यात मशीनची टकटक. त्या टकटकीवर वाजवायचं.

पहिल्या कडव्यापर्यंत सगळं ठीक. ती ओळ आली आणि तो टकटकीच्या पुढं निघून गेला. परत घेतलं, परत तेच. सातव्या वेळी मालक माइकवरून म्हणाला, "दादा, तिथंच का पळताय? बाकीचं तर घड्याळासारखं आहे." ड्रमरनं नुसती मान हलवली. त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती.

नवव्या वेळेनंतर मी दार उघडून आत गेले. ठरवून गेले नव्हते. गायक आणि गिटारवाला माझ्यामागं दारात येऊन उभे राहिले.

"तू मला सांगितलंस, त्याला गाणं करायचंय," मी म्हटलं. "त्याला सांगितलंस, मला करायचंय. का?"

त्यानं हेडफोन काढले आणि मांडीवर ठेवले. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"दुसऱ्या कुठल्या रीतीनं तुम्ही दोघं एका खोलीत आला असता का?"

"तुला काय पडलं होतं एका खोलीत आणायचं?"

त्यानं हातातल्या काठ्या बाजूला ठेवल्या. मग गायकाकडं न बघता म्हणाला, "स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी याला फोन केला होता. म्हटलं, उद्या येऊ नको. आम्ही तिघांनी ठरवलंय, गिटारवालाच गाणार."

"मी?" गिटारवाला म्हणाला.

"असं कुणी ठरवलं होतं?" मी विचारलं.

"कुणीच नाही. त्या आठवड्यात यानं कॉलेजात सगळ्यांसमोर माझ्या ठेक्याला बैलगाडी म्हटलं होतं. पोरं हसली होती. आणि शेवटच्या सरावाला याचं आणि तुझं भांडण झालं. हा निघून गेल्यावर तू म्हणालीस, याच्याशिवाय गेलो तरी चालेल. मी तेच फोनवर सांगितलं. मला वाटलं, हा चिडेल, तुला फोन करून भांडेल, सकाळपर्यंत मिटेल आणि हा जरा नरमेल. यानं कुणाला फोनच केला नाही. मग जीपमध्ये मला बोलायचं धाडस झालं नाही, परत येताना ऑर्केस्ट्राचं काहीतरी सांगून टाकलं. नंतर तर जास्तच अवघड होत गेलं."

मी तसं म्हटलं होतं. रागात म्हटलं होतं, पण म्हटलं होतं. हे वाक्य मी पार विसरले होते आणि ड्रमरसाठी ते तेरा वर्षं जिवंत होतं.

गायक मागं वळला आणि जिना उतरून गेला. आम्हाला वाटलं, गेला. मी खाली गेले तर तो दुकानाच्या पायरीवर बसलेला. मी शेजारी बसले.

"त्या दिवशी मी आलतो," तो रस्त्याकडं बघत म्हणाला. "भिगवणला. तुमची जीप हुबी हुती त्याच्यासमोर, रस्त्याच्या पल्याडच्या टपरीत हुतो."

"आम्ही तुझी वाट बघत होतो. अर्धा तास."

"मला वाटलं, गिटारवाल्याचं काय सामान यायचं असंल. म्हणलं, आपण पायजे असू तर कोणतरी खाली उतरंल, हिकडं तिकडं बघंल. कोणच उतारलं न्हाय."

ते खरं होतं. आम्ही फोन लावत बसलो होतो. एकानंही दार उघडून रस्ता ओलांडला नव्हता.

"मग तू का नाही आलास रस्ता ओलांडून?" मी विचारलं.

"नको म्हणल्यावर कसं येयाचं?" तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "पर यायला पायजे हुतं."

गिटारवाला जिन्यावर येऊन उभा राहिला होता. "हे बघा," तो म्हणाला, "मारामाऱ्या करायच्या तर भिगवणला या, तितं जागा हाय. हितं दिवसभराचा स्टुडिओ घेतलाय. गाणं करून जाऊ."

आम्ही वर गेलो. ड्रमर तिथंच बसला होता. मला वाटलं होतं, आता मन मोकळं झालंय तर ठेका बसेल. तसं काही झालं नाही. दहाव्या वेळीही तो त्या ओळीवर पळाला. मालक म्हणाला, मशीनमध्ये सरळ करून देतो. गायक पहिल्यांदाच त्याच्या जुन्या आवाजात बोलला. "सरळ करायचं न्हाय. टकटक बंद करा. त्यो पळतोय तर पळू दे, आमी मागनं येतो."

तसंच घेतलं. आजही गाणं ऐकलं तर तिथं सगळं वाजवणं एकदम पुढं झुकतं. एका संगीत शिक्षकांनी मला विचारलं, हा वेग मुद्दाम वाढवलाय का. मी हो म्हटलं.

गायकानं आवाज दुपारी दिला. मी ते गाणं राग म्हणून लिहिलं होतं, आणि सरावात त्यानंही ते रागानंच गायलं होतं. त्या दुपारी त्यानं ते खरोखरच्या प्रश्नासारखं गायलं, उत्तर माहीत नसलेल्या माणसासारखं. शेवटच्या वेळी ओळ आली तेव्हा त्यानं आवाज वर न्यायच्या ऐवजी खाली आणला. मालक म्हणाला, शेवट जरा जोरात घेऊ परत. तो म्हणाला, "न्हाय, झालं." काचेच्या अलीकडं ड्रमर माझ्या शेजारी बसला होता. तो खाली जमिनीकडं बघत होता. मला त्याची दया आली आणि तरीही मनात आलं, हा आताही सगळं सांगतोय का? 'याच्याशिवाय गेलो तरी चालेल' हे वाक्य एकट्या माझ्यावरच ढकलत नाही ना?

फ्लेक्सवाल्याला गायकानं आमच्यासमोर फोन करून नाही म्हणून सांगितलं. ज्या पुढाऱ्यासाठी ते गाणं हवं होतं, त्याच्या वाढदिवसाचं गाणं दर वर्षी गायक गायचा; यंदा ते दुसऱ्यानं गायलं. गायक आता भावाबरोबर टोमॅटो-मिरची करतो आणि लग्नसराईत गातो.

गाणं आम्ही इंटरनेटवर टाकलं. फार लोकांनी ऐकलं असं नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी आपापल्या परीनं त्याचा अर्थ लावला. प्रयोगशाळेत आलेल्या एका आबांना त्यांच्या नातवानं ते ऐकवलं होतं. ते म्हणाले, "बरोबर लिवलंय. आज ह्या पक्षात, उद्या त्या. ह्यास्नी कुणी बोलावलं म्हणून कोण इचारतच न्हाय." माझ्या जावेला ते सासरी आलेल्या सुनेचं वाटलं. माझ्या वडिलांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे निवृत्त माणूस कंपनीच्या गेटवर जातो तसं आहे. मी कुणालाच दुरुस्त केलं नाही.

त्या दोघांचं जुळलं का, असं नवरा विचारतो. मला सांगता येत नाही. ते बोलतात, वाजवण्यापुरतं. गायकानं माफ केलं असं म्हटलं नाही आणि ड्रमरनं माफी मागितल्याचं मी ऐकलं नाही. गायकानं एक नियम मात्र घातला आहे. कुणी कुणाचा निरोप कुणाला द्यायचा नाही. ज्याला जे सांगायचं ते त्यानं स्वतः फोन करून सांगायचं, चौघांनी चौघांना. यात वेळ फार जातो.

दिवाळीनंतर इंदापूरच्या एका कॉलेजनं बोलावलं तेव्हा गायकाचा मला फोन आला. "शनवारी सकाळी धाला हाय. येतीस का?"

"येते," मी म्हटलं. "ड्रमरला कळवलंस?"

"मगाशीच. पर तूबी कर फोन."

मी फोन केला. ड्रमरनं पहिल्याच रिंगला उचलला आणि आधीच माहीत असलेली वेळ माझ्याकडून पुन्हा नीट ऐकून घेतली.